वेंगुर्ले बंदराजवळच्या जुन्या हॉटेलाचा काळ कसा ठरवावा?

प्रश्न (शहापूर, बेळगाव)

माझे आजोबा मुंबईला आगबोटीने जात असत. बेळगावहून आंबोली घाट उतरून सावंतवाडीमार्गे वेंगुर्ल्याला पोहोचायचे आणि बोट येईपर्यंत बंदराजवळच्या एका हॉटेलात उतरायचे, असे आजी सांगत असे. त्यांच्या ट्रंकेत त्या हॉटेलाची एक पावती सापडली आहे. वरच्या कोपऱ्याला कसर लागल्यामुळे नाव आणि साल दोन्ही गेले आहे, ‘वेंगुर्ले, जि. रत्नागिरी’ एवढे उरले आहे. खाली शाईने ‘खाट १, जेवण २’ असे लिहून एकूण ३ रुपये ४० न. पै. मांडले आहेत. डचांची वखार तिथेच होती असे वाचले. हे हॉटेल त्याच इमारतीत असेल का, आणि ते केव्हाचे असावे?

उत्तर (खानापूर)

वखारीशी त्याचा संबंध जोडण्याची घाई करू नये. डचांनी वेंगुर्ल्यात ठाणे वसवले ते १६३७ मध्ये, आणि आज ती वास्तू भग्नावस्थेत आहे. आपले हॉटेल बोटीच्या उतारूंवर चालणारे दिसते, म्हणून त्याचा इतिहास बंदराच्या इतिहासात शोधावा. बेळगाव भागाचा बराच व्यापार एके काळी याच बंदरातून होत असे. १८८० नंतरच्या दशकात रेल्वे आली, मुरगावचा मार्ग खुला झाला आणि मालाची वाहतूक तिकडे वळली. उतारूंची बोट मात्र पुढेही कित्येक वर्षे चालू राहिली. पडावातून किनाऱ्याला लागलेल्या माणसाला आधी पाठ टेकायला जागा आणि गरम जेवण हवे असे. अशा हॉटेलांचा धंदा त्यावरच उभा होता.

उत्तर (निपाणी)

काळाचा धागा आपल्या पावतीतच आहे. ‘न. पै.’ म्हणजे नये पैसे. ते १ एप्रिल १९५७ रोजी सुरू झाले आणि १ जून १९६४ पासून त्यातला ‘नये’ हा शब्द गळाला. सवयीने पुढेही कोणी तसे लिहीत असेल, पण १९५७ च्या आधी लिहिणे शक्य नाही. ‘जि. रत्नागिरी’ने फारशी मदत होणार नाही, कारण सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ पर्यंत वेगळा झालाच नव्हता. रकमेच्या रकान्यांवर छापील अक्षरे कोणती आहेत, ते कृपया पाहून सांगावे.

प्रश्नकर्ता

भिंगाने पाहिले. छापील मथळा ‘रु. आ. पै.’ असा आहे; ‘आ.’ शाईने खोडून वर बारीक अक्षरात ‘न.’ लिहिले आहे.

उत्तर (निपाणी)

मग बराच उलगडा झाला. पावतीपुस्तक आण्यांच्या काळात छापलेले असून ते संपेपर्यंत वापरलेले दिसते. म्हणजे हॉटेल बहुधा एप्रिल १९५७ च्या आधीपासून चालू होते, आणि आजोबांचा मुक्काम त्यानंतर लवकरच, फार तर दोन-चार वर्षांत झाला असावा. इमारत ओळखता आली, तर भूमापन कार्यालयातील मिळकत पत्रिका आणि नगरपरिषदेची जुनी घरपट्टी आकारणी पाहावी. वेंगुर्ल्याची नगरपालिका १८७६ ची आहे, त्यामुळे तिथे चौकशी करणे वाया जाणार नाही.

प्रश्नकर्ता

आपले मनापासून आभार. आजोबांचा पहिला बोटप्रवास १९५८ च्या मे महिन्यातला, असे आत्या नेहमी म्हणायची आणि आम्ही ते मनावर घेत नव्हतो. आता पावती घेऊन आधी तिच्याकडे जातो, आणि मग वेंगुर्ल्याला.