मदत हवी आहे: गप्प होणाऱ्या काकींना बोलतं कसं करू?

रत्नागिरीजवळ हापूसच्या पॅकिंगवर टीम लीडर आहे. बायका बहुतेक एकाच वाडीतल्या. प्रतवारीत सर्वांत जाणत्या काकी, माझ्या आईच्या वयाच्या. डागी फळ पेटीत गेल्याचं सांगितलं की भांडत नाहीत, दिवसभर गप्प राहतात. मग बाकीच्याही बोलेनाशा होतात. (साक्याबद्दल, म्हणजे आतून गर खराब होण्याबद्दल, मी कधीच बोलत नाही, तो बाहेरून दिसत नाही.)

बाजूला घेऊन बोललो, आधी कामाचं कौतुक केलं, चहाच्या वेळी विचारलं. उत्तर एकच, "काय नाय रे."

ऐन हंगामात प्रशिक्षणाला वेळ नाही. मालकांना मध्ये घातलं तर वाडीभर होईल, आणि काकींचा मान मला खरंच जपायचाय.

राग, अपमान की घरची काळजी, हे न दुखावता ओळखायचं कसं? पहिलं वाक्य नेमकं काय बोलू?