रिडेव्हलपमेंट करताना भिंतीत पाकोळ्यांसाठी जागा ठेवावी का?

शनिवारवासी: पुण्यात पेठांमधले वाडे एकेक करून पडतायत. कौलाखाली, आढ्याच्या फटीत ज्या पाकोळ्या म्हणजे छोटी किडेखाऊ वटवाघळं राहायची त्यांना नव्या गुळगुळीत बिल्डिंगमध्ये शिरायला जागाच नाही. इंग्लंडमध्ये नव्या घरांच्या बाहेरच्या भिंतीत पोकळ ठोकळे बसवतात, खाली दीड-दोन सेंटिमीटरची फट, आतून खरखरीत म्हणजे त्यांना पकडून लटकता येतं, मागून पूर्ण बंद त्यामुळे घरात काही येत नाही, आणि लेंड्या त्याच फटीतून खाली पडतात म्हणून साफसफाईचीही भानगड नाही. आपल्याकडे प्लॅन काढतानाच असे चार-सहा ठोकळे घालावेत असं माझं ठाम मत आहे. नंतर कोण भिंत फोडणार?

आजीची_नात: सॉरी, अजिबात पटलं नाही. एनआयव्हीने, म्हणजे आपल्या पुण्यातल्या विषाणू संस्थेने, 2020 मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतली वटवाघळं तपासली त्यात निपाह या जीवघेण्या व्हायरसच्या अँटीबॉडी सापडल्या, आणि ती फक्त फळं खाणारी नव्हती, त्यात पाकोळीही होती. माझी आजी ऑक्सिजनवर आहे, तिच्या खिडकीशेजारी मी हे मुद्दाम आणून बसवू?

शनिवारवासी: ताई, काळजी रास्त आहे. पण अँटीबॉडी म्हणजे कधीतरी संसर्ग होऊन गेल्याची खूण, ते वटवाघूळ आत्ता व्हायरस पसरवतंय असं त्यातून सिद्ध होत नाही. केरळमधल्या साथींचा संबंध मोठ्या फळखाऊ वटवाघळांशी आहे, ती झाडावर लटकतात, दोन सेंटिमीटरच्या फटीत मावतच नाहीत. आणि पाकोळ्या आजही एसीच्या मागे, डक्टमध्ये घुसतातच की. त्यापेक्षा मागून बंद असलेली जागा बरी.

रानवेडा: +१. शिवाय डेंग्यू पण कमी होईल.

साईटवरचा: डेंग्यूचं प्लीज सांगू नका लोकांना. तो डास दिवसा चावतो आणि पाकोळी अंधार पडताना बाहेर निघते. रात्रीचे डास, पतंग, किडे खाते तेवढं खरंय, तेवढंच सांगा. खोटी आशा दाखवून परवानगी घेतली तर पुढच्या पावसाळ्यात सोसायटीच ते ठोकळे सिमेंटने बुजवेल.
मी बांधकामात आहे म्हणून दुसरं सांगतो, इंग्लंडची नक्कल जशीच्या तशी चालणार नाही. तिथे ऊब हवी म्हणून दक्षिणेकडे तोंड करतात, आपल्याकडे पश्चिमेच्या किंवा दक्षिणेच्या भिंतीत घातलं तर एप्रिल-मे मध्ये पिल्लं आतच उकडून मरतील. उत्तर किंवा पूर्वेची भिंत, वर छज्जाची सावली, आणि चारी बाजूंनी वॉटरप्रूफिंग. वरच्या मजल्यावर लिकेज झालं की पहिला दोष याच ठोकळ्यावर येणार, मग तो असो वा नसो.

आजीची_नात: आणि इंग्लंडमध्ये 1981 च्या कायद्याने वटवाघळांची जागा बुजवणं गुन्हा आहे, त्या वेळी आत कोणी नसलं तरी. उद्या इथे असा नियम आला तर आमच्याच भिंतीला हात लावायला आम्ही परवानग्या काढत बसायचं का?

रानवेडा: अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात 1980 ला पूल नव्याने बांधला, त्याच्या सांध्यांच्या फटीत लाखो वटवाघळं आली, तेव्हा लोक मारून टाका म्हणत होते. आज तीच बघायला गर्दी होते.

आजीची_नात: पूल आणि बेडरूमची भिंत एक नाही. मुठेवरच्या पुलांना ठोकळे लावा, मी स्वतः सही करेन. आमच्या घरात नको.

शनिवारवासी: पुलांचा मुद्दा चांगला आहे, पण वाड्यात राहणारी पाकोळी घराच्याच आसऱ्याला सरावलेली आहे, जागा गेली की बरेचदा आख्खी वसाहतच विखुरते, आणि बहुतेक माद्या एका वेळी एक-दोनच पिल्लं देतात म्हणजे भरून यायला वर्षं लागतात. म्हणून खिडक्या सोडून जिन्याच्या किंवा टाकीच्या भिंतीत, उत्तरेला, असा प्रस्ताव मी मीटिंगमध्ये ठेवणार आहे.

आजीची_नात: ठेवा. पण खाली पडलेलं पिल्लू मुलांनी उघड्या हाताने उचललं तर काय, रेबीजचं कोण बघणार, हे त्यात लिहिलेलं नसेल तर माझं मत विरोधातच जाईल.

साईटवरचा: लिहा ते. हात लावायचा नाही, वनखात्याला किंवा प्राणीमित्रांना फोन करायचा, आणि चावलं तर साबणाने धुवून लगेच इंजेक्शन. हा बोर्ड जिन्यात लावायचा खर्च बिल्डरच्या अंदाजपत्रकातच घाला.