थायरॉईड वाढलाय आणि कावीळ पण. गोळी सुरू करू का?

सुईदोरा_बार्शी:
नमस्कार मंडळी. वय ४१, बार्शीत टेलरिंगचं दुकान आहे, जास्त करून ब्लाऊज. चार महिन्यांत ७२ किलोवरून ६१ वर आलो. भूक मात्र अशी की बायको म्हणते पीठ पुरत नाही. ऐन दिवाळीच्या सीझनला हात थरथरायला लागले, सुईत दोरा ओवायला पोराला हाक मारावी लागायची. मग अंगाला खाज सुटली. एक दिवस माप द्यायला आलेल्या ताईच म्हणाल्या, "भाऊ, डोळे पिवळे दिसतायत तुमचे."

हात थरथरतात, डोळे पिवळे, अंग उतरलं. गल्लीनं निकाल लावला, शिंपी प्यायला लागला. अहो, माळकरी आहे मी, थेंबाला शिवलो नाही कधी.

लिव्हरचे रिपोर्ट, सगळे चढे: बिलिरुबिन (काविळीचा आकडा) ३.८, एसजीपीटी १४२, एसजीओटी ११८, अल्कलाईन फॉस्फेटेज ३१०. हिपॅटायटिस बी, सी निगेटिव्ह. सोनोग्राफी नॉर्मल. डॉक्टरांनी नाडी बघितली (१२६), हात पुढे करायला लावले, बोटांवर कागद ठेवला. कागद फडफडायला लागला. मग थायरॉईड तपासला: टीएसएच (थायरॉईड वाढला की हा उतरतो) ०.०१ पेक्षा कमी, फ्री टी४ (थायरॉईडचं हार्मोन) वाढून ४.६. म्हणाले ग्रेव्हज आहे, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती थायरॉईडला भडकवते, तो उतरवायला कार्बिमाझोलची गोळी घ्या.

घोळ पुढे आहे. गोळीच्या चिठ्ठीवर लिहिलंय की लिव्हरला त्रास होऊ शकतो. आधीच कावीळ, वर ही गोळी? सासरे म्हणतात गोळी ठेव बाजूला, काविळीची माळ आणतो. गळ्यात तुळशीची आहेच, आता ही दुसरी. काय करू?

तात्यांची_लेक:
दादा, माळ घाला हवं तर, सासऱ्यांचं मन राहील. पण झाडपाल्याचं काही पोटात घेऊ नका आणि डॉक्टरांची गोळी टाळू नका. आमच्या तात्यांनी अशीच घाबरून थायरॉईडची गोळी मनानं बंद केली होती. दहाव्या दिवशी छातीत धडधड, पाय सुजले, रात्री दोनला रिक्षा शोधत होतो आम्ही.

निवृत्त_फिजिशियन:
तुमच्या डॉक्टरांनी नाडी बघितली हे फार बरं केलं. कावीळ म्हटलं की सगळे दारू आणि व्हायरस शोधतात, गळ्याकडे कोणी बघत नाही.

थायरॉईडचं हार्मोन वाढलं की सगळ्या शरीराची भट्टी पेटते, यकृताचीही. त्याला प्राणवायू जास्त लागतो, पण रक्तपुरवठा त्या मानानं वाढत नाही. तुमच्याकडे कॅनॉलचं पाणी सुटतं तेव्हा काय होतं? तोंडाशी असलेले भिजवून घेतात आणि टेलच्या शेतकऱ्याचं रान कोरडं. यकृतातही रक्त एका टोकानं शिरतं आणि मधल्या शिरेपाशी संपतं. त्या शिरेभोवतीच्या पेशी टेलच्या. त्या आधी होरपळतात, एसजीपीटी-एसजीओटी वाढतं. पित्ताचा निचरा नीट झाला नाही की खाज आणि पिवळेपणा. हृदय थकलं तर रक्त मागे तुंबून यकृत आणखी फुगतं, म्हणून ईसीजी आणि गरज वाटली तर टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या.

आता गोळी. तुमची कावीळ गोळीच्या आधीची आहे, हे लक्षात ठेवा. आग थायरॉईडनं लावली असेल तर तो आटोक्यात आणल्याशिवाय ती विझायची नाही. कार्बिमाझोलनं क्वचित पित्त अडून कावीळ होते, हे खरं. यकृताच्या पेशींवर थेट आणि कधी जिवावर बेतणारा घाव घालते ती थायरॉईडचीच दुसरी गोळी, पीटीयू. तिच्यावर अमेरिकेत २०१० साली सगळ्यात कडक इशारा छापला गेला. म्हणून गरोदरपणाचे पहिले तीन महिने आणि काही अटीतटीचे प्रसंग सोडले तर ती सहसा टाळतात.

आजचे रिपोर्ट जपून ठेवा आणि यकृताच्या तपासण्या पुन्हा कधी, ते विचारून या. कावीळ वाढली, लघवी गडद झाली, तर लगेच गाठा. ताप आणि घसा धरला तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासा. गोळी मानवलीच नाही तर किरणोत्सारी आयोडीनचा मार्ग आहे. आणि ग्रेव्हजवाल्यांत कधी कधी यकृताचाही ऑटोइम्यून (आपल्याच प्रतिकारशक्तीनं केलेला) आजार सापडतो. आकडे उतरले नाहीत तर तेही बघावं लागेल.

रानवाट:
गुळवेलीचा काढा सुरू करा, कावीळ आणि थायरॉईड दोन्हीवर रामबाण. निसर्गाचं आहे, अपाय नाही.

निवृत्त_फिजिशियन:
धोतराही निसर्गाचाच आहे. मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, वाद झाला. पण ऑटोइम्यून आजार आणि बिलिरुबिन ३.८ असलेल्या माणसानं त्या वादाचा निकाल स्वतःच्या पोटात लावू नये.

लॅबवाला_मिरज:
एक राहिलं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत का? त्यानं काही मशिनवर टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटा जास्त दिसतो. तुमचं वजन, नाडी बघता रिपोर्ट खराच वाटतो, तरी पुढच्या वेळी रक्त देण्याआधी सांगा.

सुईदोरा_बार्शी:
बायोटिन नाही. सात आठवडे झाले, म्हणून आलो. गोळी दुसऱ्याच दिवशी सुरू केली, धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल पण दिलं. एको नॉर्मल. बिलिरुबिन १.१, एसजीपीटी ४८, नाडी ८४, वजन ६४. खाज गेली. माळ पोटापर्यंत उतरलीय, सासरे खूश, सगळ्यांना सांगतायत माळेनं गुण आला. सांगू देत.
पण अल्कलाईन फॉस्फेटेज ३१० चं ३४० झालं. हे काय नवीन?

लॅबवाला_मिरज:
ते एन्झाइम हाडांतूनही येतं. वाढलेल्या थायरॉईडनं हाडं झिजवलेली असतात, आता डागडुजी चाललीय, त्यात काही महिने ते चढं राहू शकतं. जीजीटी करून घ्या, ते लिव्हरचं एन्झाइम, हाडांतून येत नाही. तो नॉर्मल आला तर वाढ बहुतेक हाडांची.

सुईदोरा_बार्शी:
सोमवारी जीजीटी देतो. तोवर लग्नसराईचे सव्वीस ब्लाऊज बाकी आहेत.