शुगर मेपलच्या पानातला पतंग : कोष हिवाळाभर कसे जपावेत? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात राहतो. परसात एक जुना शुगर मेपल आहे. दर मार्चमध्ये त्याचा रस काढून घरापुरता पाक आटवतो, त्यामुळे या झाडावर सगळ्यांचाच जीव. गेल्या ऑगस्टमध्ये पानांना गोल गोल भोकं दिसली, लाटलेल्या पोळीतून वाटीने पुऱ्या पाडाव्यात तशी. शेजारीच तपकिरी कडी आणि कडीच्या मधोमध हिरवा ठिपका. मला वाटलं, झाडाला रोगच लागला.

मग एका पानावरची चकती चक्क चालायला लागली! भिंग लावून पाहिलं. पानाच्या दोन चकत्या रेशमाने एकमेकींना जोडलेल्या, आणि आतली फिकट अळी कासवासारखी मान बाहेर काढून भोवतालचं पान खरवडत होती. घराखाली झाकलेलं तेवढं हिरवं राहतं, म्हणून ती कडी! अळी वाढली की मोठी चकती कापून घर वाढवते.

नाव शोधलं: मेपल लीफकटर, शास्त्रीय नाव पॅराक्लेमेन्सिया असेरिफोलिएला. अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ एसा फिच यांनी एकोणिसाव्या शतकात याचं वर्णन केलं. पतंग सेंटिमीटरभराचा, गडद निळा, डोक्यावर शेंदरी केस. फवारणी करायची नाही हे नक्की. पानं उन्हाळ्याच्या शेवटी खाल्ली जातात, तोवर झाडाने वर्षाची बेगमी केलेली असते.

अडचण पुढेच आहे. शरद ऋतूत अळी घरासकट खाली उतरते, पाचोळ्यात कोष करते आणि थंडी तिथेच काढते. लेकीला पतंग बाहेर येताना पाहायचा आहे. गेल्या वर्षी बारा चकत्या बरणीत घालून स्वयंपाकघरात ठेवल्या. मे उजाडला, एकही निघाला नाही. उघडून पाहिलं तर सगळे वाळून कोळ. पोर दोन दिवस बोलली नाही.

आता परत नऊ चकत्या जमवल्या आहेत. थंडीत कुठे ठेवू? ओल किती लागेल? आणि झाडाखालचा पाचोळा यंदा झाडायचाच नाही का?

प्रतिसाद :

ताई, गरम घरात कोष सुकतात, त्यांना बाहेरची थंडी हवीच. कुंडीत ओलसर माती, वर मेपलचाच पाचोळा, त्यात चकत्या ठेवा आणि तोंडाला बारीक जाळी बांधा. कुंडी उत्तरेच्या भिंतीलगत सावलीत असू द्या, बर्फ पडला तर पडू दे. पाणी साचू देऊ नका. झाडाखालचं झाडू नका, बाकीचे तिथेच आहेत. एप्रिल संपता संपता रोज जाळीत डोकावायला लेकीला सांगा.