गुरांच्या स्वादुपिंडातला पर्णकृमी: शेणात अंडी सापडत का नाहीत?

प्रश्न (पशुवैद्यकीय विद्यार्थी): दक्षिण ब्राझीलमधल्या कत्तलखान्यांत गुरांच्या स्वादुपिंडात युरिट्रेमा हा पर्णकृमी सर्रास मिळतो, पण जिवंत जनावराच्या शेणतपासणीत तो क्वचितच कळतो म्हणे. असं का? आणि लिव्हर फ्ल्यूकचंच (यकृतातल्या पर्णकृमीचंच) औषध त्यावर चालतं का?

प्रयोगशाळावाले: मिठाच्या द्रावणात ही अंडी तरंगत नाहीत, त्यामुळे फ्लोटेशन (अंडी तरंगवून बघणं) सोडाच. गाळ बसवूनच बघा, पण घाई नको. लिव्हर फ्ल्यूकचं अंडं 130 मायक्रॉनच्या पुढचं, ते पटकन तळाशी जातं. युरिट्रेमाचं जेमतेम 40 ते 50. नेहमीच्या सवयीने चार-पाच मिनिटांत वरचं पाणी ओतलंत, तर अंडी त्याबरोबरच मोरीत. रंग गडद तपकिरी, आत तयार मिरासिडियम (कृमीची पहिली अळी). कृमी थोडे असले की अंडीही थोडी पडतात, तेव्हा एका निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबू नका.

शवविच्छेदनात मात्र चुकण्याचं कारण नाही. स्वादुपिंडाला आडवे काप देऊन दाबा. जाड झालेल्या नलिकांतून 8 ते 16 मिमीचे लालसर, मांसल कृमी बाहेर येतात. लोक यकृत कापून थांबतात, घोळ तिथेच होतो.

रानातला डॉक्टर: लिव्हर फ्ल्यूकसारखा इथे पाणथळ जागेचा संबंध नाही, हे आधी डोक्यात बसवा. जमिनीवरची गोगलगाय (ब्रॅडिबीना) अंडी खाते. साधारण पाच महिन्यांनी ती स्पोरोसिस्ट (कृमीच्या अळ्यांच्या पिशव्या) गवतावर टाकते, ते नाकतोडा खातो, आणि तीनेक आठवड्यांनी असा नाकतोडा गवताबरोबर गाईच्या पोटात जातो. पुढे 80 ते 100 दिवसांनी शेणात अंडी. म्हणून डबक्याला कुंपण घालून काही साधत नाही, आणि अख्ख्या कुरणातले नाकतोडे मारणं कोणालाच परवडणारं नाही.

प्रयोगशाळावाले: औषधाचं राहिलंच. ट्रायक्लाबेंडाझोल हे फॅसिओलासाठी, म्हणजे लिव्हर फ्ल्यूकसाठी, इथे त्याच्या भरवशावर राहू नका. खास असं औषध नाहीच. गुरांत अल्बेंडाझोल किलोला 10 मिग्रॅ. दिल्याचे चांगले अनुभव नोंदले आहेत. 350 किलोच्या गाईला 3.5 ग्रॅम, म्हणजे 10 टक्क्यांच्या बाटलीतून 35 मिली. बाटली 2.5 टक्क्यांची असेल तर तेच 140 मिली होतात. लेबल न वाचता 35 पाजले की डोस चौथाई. गाभणपणाच्या पहिल्या 45 दिवसांत देऊ नका. प्राझिक्वांटेल किलोला 20 मिग्रॅ., दोन दिवस, हाही पर्याय आहे, पण त्याच 350 किलोच्या गाईला रोज 7 ग्रॅम लागतं, खर्च बघा.

रानातला डॉक्टर: आणि कृमी गेले तरी नलिकांभोवती तंतुमय झालेला भाग पूर्ववत होत नाही. खंगलेली गाय लगेच भरेल असं मालकाला सांगू नका.