शब्दचर्चा: 'डायग्नॉस्टिक ओव्हरशॅडोइंग'ला मराठीत काय म्हणाल?

पारिजातक: इंटर्न डॉक्टरांसाठी मराठीत चार पानी टिपण करतेय. बौद्धिक अक्षमता असलेली व्यक्ती ओपीडीत आली तर तिच्याशी बोलायचं कसं, तपासायचं कसं, वगैरे. अडलंय ते या एका शब्दाशी. १९८२ साली अमेरिकेतल्या एका शोधनिबंधात तो आला, तेव्हा रोख मानसिक त्रासाकडे होता. आता शारीरिक दुखण्यांनाही लावतात. अर्थ असा की एकदा एक शिक्का बसला की पुढची प्रत्येक तक्रार त्याच खात्यावर मांडायची.

घरचंच सांगते. भाऊ ३४ वर्षांचा, डाउन सिंड्रोम. जेवण सोडलं, उजव्या गालावर थपडा मारून घ्यायला लागला. डॉक्टरांनी आईला विचारलं, "काय करतो हा?" आणि उत्तरही स्वतःच दिलं, "अशा मुलांचं असंच असतं." झोपेची गोळी मिळाली. तीन आठवड्यांनी दंतवैद्यांनी तोंड उघडायला लावलं, तर दाढेखाली पू.

जुनाट: 'निदानछाया' कसा वाटतो?

ओसरी: छाया फार मायेची हो. छत्रछाया, वडाची छाया. इथे तर दिसायचंच बंद होतंय. ढग आले की आपण 'झाकोळलं' म्हणतो ना? मग 'निदान-झाकोळ' म्हणा. क्रियापदही आयतं मिळतं: 'दाढेचं दुखणं डाउन सिंड्रोमने झाकोळलं'. (शिवाय 'निदान' म्हणजे 'किमान'सुद्धा. निदान निदान तरी करा!)

रात्रपाळी: झाकोळला माझं मत. मी शिकवतो, म्हणून दोन खड्डे दाखवून ठेवतो. एक, ब्रिटिश साहित्यात 'लर्निंग डिसॅबिलिटी' म्हणजे बौद्धिक अक्षमता. आपल्याकडे त्याच शब्दांनी डिसलेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनाची अडचण, डोळ्यांपुढे येतो, कारण आपली 'अध्ययन अक्षमता' ती. इंग्लंडमध्ये २०२२च्या कायद्याने आरोग्य कर्मचाऱ्यांना या विषयाचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. त्या प्रशिक्षणाला ऑलिव्हर मॅकगोवनचं नाव आहे. 'लर्निंग डिसॅबिलिटी' असलेला १८ वर्षांचा मुलगा. त्याने आणि आईवडिलांनी नको म्हटलेलं असताना अँटिसायकोटिक (तीव्र मनोविकारांवरचं) औषध दिलं गेलं आणि २०१६मध्ये तो गेला. तिथली स्लाइड भाषांतर करून दाखवलीत तर आमची पोरं 'वाचता येत नव्हतं का त्याला?' विचारतील.

दुसरा खड्डा केसपेपरवरचा 'एमआर'. १९९५च्या कायद्यात 'मेंटल रिटार्डेशन' होतं, २०१६च्या कायद्याने ते काढून 'इंटलेक्च्युअल डिसॅबिलिटी' आणलं, पण पेनातली सवय जात नाही. हृदयरोगवाल्यांना 'एमआर' म्हणजे मायट्रल झडपेची गळती. डाउन सिंड्रोममध्ये हृदयाचे दोष मुळातच जास्त, तेव्हा गोंधळ किती होईल बघा.

जुनाट: मग 'मतिमंद' बाद? जुन्या कवींनी तर स्वतःलाच म्हणून घेतलंय.

ओसरी: स्वतःला म्हणणं म्हणजे नम्रता, दुसऱ्याला म्हटलं की शिवी. मला मात्र 'मतिमंद'पेक्षा 'विशेष मूल' जास्त खटकतं. चाळिशीचा माणूस मूल कसा? आणि मूल म्हटलं की डॉक्टर आपसूक 'तू'वर येतात, मग सरळ आईशीच बोलतात.

पारिजातक: अगदी! भाऊ तेव्हा "इथे खटखट" म्हणत होता. ऐकलं कुणीच नाही, मीसुद्धा नाही. टिपणाचं पहिलं वाक्य ठरलं: 'अठरा वर्षांवरील पेशंटला "तुम्ही" म्हणा आणि पहिला प्रश्न त्यांनाच विचारा.' वागणं अचानक बदललं तर दात, कान, बद्धकोष्ठता, थायरॉइड आधी बघा, हे चौकटीत टाकते. शीर्षक 'निदान-झाकोळ'.

आता 'केअरगिव्हर'ला शब्द द्या. 'काळजीवाहू' नको, सरकार आठवतं.

रात्रपाळी: वॉर्डात आम्ही 'सोबतचे' म्हणतो. "सोबतचे कोण आहेत?"