मदत हवी आहे: ऑटोट्यून पेट्रोल वाढवतच चाललंय आणि प्लग काळाकुट्ट

नमस्कार मंडळी,

गाडी 390 ड्यूक, 2016 चं मॉडेल, केबल थ्रॉटलवाली. 41 हजार किलोमीटर झालेत. दिवाळीत सायलेन्सर आणि एअर फिल्टर बदलला, इंधन कमीजास्त करणारा मॉड्यूल बसवला आणि त्याला ऑटोट्यून युनिट जोडलं, जे धुरातला ऑक्सिजन मोजून पेट्रोल आपोआप जुळवतं. इंजिनपासून सायलेन्सरकडे जाणारा बेंडपाईप उतरवून साताऱ्यातल्याच एका वेल्डरकडून ऑटोट्यूनच्या वाइडबँड (ऑक्सिजन मोजणाऱ्या) सेन्सरसाठी नट मारून घेतला. कंपनीचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे एलिमिनेटर (सेन्सर आहे असं भासवणारा तुकडा) लावलाय, नाहीतर गाडीचा ईसीयू (इंजिन सांभाळणारा कंप्युटर) एकीकडे ओढणार आणि ऑटोट्यून दुसरीकडे.

पहिले दोन दिवस गाडी अशी पळाली की मन भरून आलं. मग बिघडत गेली. घाटात ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळताना गुदमरते, थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटाके. अ‍ॅव्हरेज 27 चं 21 झालं. रविवारी यवतेश्वर घाट चढून वर गेलो, गाडी थंड झाल्यावर प्लग काढला. आतलं पांढरं पोर्सिलीन दिसतच नव्हतं, सगळीकडे मखमलीसारखी कोरडी काजळी. म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, हे उघड आहे.

पण लॅपटॉप लावला तर ऑटोट्यून म्हणतं मिश्रण लीन आहे, म्हणजे पेट्रोल कमी! 2000 ते 4000 आरपीएम आणि 10 टक्क्यांपर्यंतचा थ्रॉटल, एवढ्याच पट्ट्यात. तिथे टार्गेट 13.8 दिलंय (एक भाग पेट्रोलला 13.8 भाग हवा). पहिल्यांदा +12 ट्रिम (पेट्रोल 12 टक्के वाढवायची सूचना) आली, ती स्वीकारली. पुढच्या राइडला पुन्हा +10, तीही स्वीकारली. आता परत +11 दाखवतंय. थ्रॉटल पूर्ण उघडला की मात्र +3, +4 वरच थांबतं.

विश्वास कुणावर ठेवू, सेन्सरवर की प्लगवर? E20 (20 टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलमुळे आकडे चुकत असतील का? सेन्सरच गेला असेल तर नवा घेणं मला लगेच परवडणारं नाही. त्याआधी काय तपासू, कृपया सांगा. ही गाडी मी स्वतःच्या पहिल्या कमाईतून घेतली आहे, इंजिनला काही होऊ नये एवढंच वाटतं.

प्रतिसाद 1

दादा, प्लगवर. आणि आता एकही ट्रिम स्वीकारू नका. स्वीकारलेली ट्रिम मूळ मॅपमध्ये (कुठे किती पेट्रोल द्यायचं त्या तक्त्यात) मिसळते आणि यंत्र परत शून्यापासून मोजायला लागतं, म्हणून तुम्हाला दर वेळी दहा-बाराच दिसतंय. प्रत्यक्षात वीस-बावीस टक्के पेट्रोल आधीच चढलंय.

सेन्सरला पेट्रोल दिसत नाही, धुरात उरलेला ऑक्सिजन दिसतो. बेंडपाईप आणि इंजिनच्या हेडच्या जोडातून बाहेरची हवा आत ओढली जात असेल तर त्याला वाटणार मिश्रण लीन आहे. मग यंत्र पेट्रोल वाढवणार, प्लग काळा पडणार, मिसिंग (मधूनच मिश्रण न पेटणं) सुरू होणार. मिसिंगमध्ये न जळालेला ऑक्सिजन थेट बाहेर येतो, म्हणजे आकडा अजून लीन. थ्रॉटल मोठा असताना पाईपमध्ये वायूचा जोर असतो, हवा फारशी शिरत नाही. तुमचे +3, +4 म्हणूनच बरोबर वाटतात. फटाकेही त्याच गळतीचे.

पाईप उतरवला तेव्हा हेडकडचं पॅकिंग नवीन टाकलं होतं का? सकाळी थंड इंजिन चालू करा, कुणाला तरी जाड ओलं फडकं सायलेन्सरच्या तोंडावर क्षणभर धरायला सांगा आणि जोडावर साबणाचं पाणी सोडा. नटाच्या वेल्डिंगवरही सोडा, बारीक छिद्र राहतं तिथे.

प्रतिसाद 2

E20 चं मनातून काढून टाका. शुद्ध पेट्रोलचं योग्य प्रमाण 14.7, E20 चं साधारण 13.5, हे खरं. पण वाइडबँड सेन्सर मुळात लॅम्डा (मिश्रण योग्य प्रमाणाच्या किती पट आहे तो आकडा) मोजतो आणि मीटर त्याला 14.7 ने गुणून आकडा दाखवतो. त्यामुळे लॅम्डा 1 असेल तर पेट्रोल कुठलंही असो, मीटरवर 14.7 च दिसणार. तुमचं 13.8 म्हणजे लॅम्डा 0.94, ते तसंच राहू द्या.

सायलेन्सर आखूड असेल तर कमी आरपीएमला टोकाकडूनही हवा उलटी येते. आयडलच्या आसपासच्या, मॅपमधल्या चौकटींत टार्गेट शून्य ठेवा, यंत्र तिथे हात लावणार नाही. सेन्सर आडवाही नको, क्षितिजापासून निदान 10 अंश वर हवा, नाहीतर पाणी साचून मरतो.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. पॅकिंग जुनंच परत लावलं होतं. हेडच्या जोडाखाली काजळीचा बोटभर काळा ओघळ होता, इतके दिवस तो ऑइलचा डाग समजून पुसत होतो. साबणाचं पाणी टाकताच तिथेच फुगे आले. वेल्डिंग ठीक निघालं.

नवीन पॅकिंग टाकलं, मॅप मूळचा चढवला, प्लग नवा लावला, 2000 च्या खाली टार्गेट शून्य केलं. तीन राइडनंतर त्याच पट्ट्यात ट्रिम +5 वर येऊन थांबली आहे, हलत नाही. अ‍ॅव्हरेज 26. काल प्लग काढून पाहिला, टोक फिकट तपकिरी आहे.

एकच विचारायचंय: ही +5 आता स्वीकारू, की अजून एक टाकी जाऊ देऊ?

प्रतिसाद 1

एक टाकी जाऊ द्या. आकडा तिथेच राहिला तर स्वीकारा, आणि मॅपची एक प्रत लॅपटॉपवर ठेवा.